रायबंदरच्या उतारावर लायब्ररी, कन्सेप्टनंतर पुढे काय?

मांडवीकाठ: आर्किटेक्चर चौथं सेम, लायब्ररीची साइट गोव्यात रायबंदरला उतारावर, खाली मांडवी नदी. मधे राजांगण (उघडा चौक) आणि भोवती वाचनाच्या खोल्या हा कन्सेप्ट सरांना आवडला पण आता प्लॅन काढला की सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात आणि उतार कुठेच जाणवत नाही, कसं पुढे नेऊ?

फोंडेकर: प्लॅन ठेव बाजूला, आधी सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढ. कॉन्टूरचं (समान उंचीच्या रेषांचं) कार्डबोर्ड मॉडेल कर आणि राजांगणच दोन-तीन लेव्हलला उतरू दे, खोल्या आपोआप वेगळ्या होतील. आणि गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, राजांगणातलं पाणी कुठून बाहेर जाणार ते आत्ताच ठरव!

चिरेबंदी: पणजीत कांपालला कला अकादमी बघून ये. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी रस्त्याकडून नदीकडे लोक सहज चालत जातील अशी मोकळी जागा ठेवलीय, मला तर गोव्यात शिकायला याहून चांगली बिल्डिंग माहीत नाही. नुसते फोटो नकोत, स्केचबुक ने.

मांडवीकाठ: उतरतं राजांगण मस्तच, आज मॉडेलला बसते. पण व्हीलचेअरचं काय, १:१२ चा रॅम्प मावेल?

फोंडेकर: अर्धा मीटर चढायला सहा मीटर लांबी लागते, शिवाय लँडिंग, म्हणजे थांबायला सपाट जागा. राजांगणाच्या कडेकडेने फिरव, मावेल.