मदत हवी आहे: डोमेन ट्रान्सफर व्हायच्या आधी नवीन साइट कशी तपासायची?

मंडळी, साइट नवीन होस्टिंगवर हलवलीये, फाइल्स आणि डेटाबेस सगळं चढवून झालं पण डोमेनचं ट्रान्सफर अजून अडकलंय, ५ ते ७ दिवस लागतील म्हणतात आणि तोवर डोमेन टाकलं की जुनीच साइट उघडते. होस्टिंगवाल्यांनी टेम्पररी लिंक दिलीये पण ती उघडली की वर्डप्रेस लगेच मूळ डोमेनवर नेऊन सोडतं, डेटाबेसमध्ये तोच पत्ता आहे ना, आणि तो बदलायचा धीर होत नाही, नंतर सगळ्या लिंका परत बदलत बसावं लागेल.

मग लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं डोमेन कुठल्या सर्व्हरवर न्यायचं हे फक्त त्या मशीनपुरतं ठरवणारी फाइल) नव्या सर्व्हरचा आयपी (म्हणजे त्याचा आकडी पत्ता), स्पेस आणि पुढे डोमेन अशी ओळ टाकली, डीएनएस कॅश (लॅपटॉपने लक्षात ठेवलेले डोमेनचे जुने पत्ते) साफ केला आणि लॅपटॉपवर नवी साइट दिसली एकदाची, इतकं बरं वाटलं! पण लॉगिनला गेलं की सर्टिफिकेटची (https साठी लागतं ते एसएसएल) वॉर्निंग. डोमेन आपलंच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकून सर्टिफिकेट आधीच घेता येतं का? मोबाईलवर कसं बघायचं, तिथे होस्ट्स फाइलला हातच लावता येत नाही. आणि मुख्य म्हणजे ट्रान्सफरची वाट न बघता जुन्या रजिस्ट्रारकडेच (जिथे डोमेन नोंदवलंय ती कंपनी) ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेन कुठल्या आयपीवर जायचं ती नोंद, बदलला तर चालेल का, ईमेल बंद नाही ना पडणार? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.