मदत हवी आहे: मित्रासोबत २४ तासांत १,६०० किमी, डायलिसिसच्या रुग्णांसाठी. मार्ग आणि पुरावा सांगा

साखळीकर
नमस्कार मंडळी, थेट विचारतो. मी आणि माझा मित्र जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी २४ तासांत १,६०० किलोमीटर मोटारसायकल चालवणार आहोत. आमच्या तालुक्यात एक छोटा ट्रस्ट डायलिसिसच्या रुग्णांना इस्पितळात नेण्या-आणण्याचं भाडं भरतो. आठवड्यातून तीनदा जायचं, दर वेळी चार-चार तास मशीनवर पडून राहायचं, सोबत आलेल्या माणसाचा रोजगार बुडतो तो वेगळाच. गावातल्या माणसाला हे भाडंच परवडत नाही, आणि मग लोक एखादी फेरी चुकवतात. ते आम्हाला थांबवायचंय. लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केलेत, कोणी एक रुपया, कोणी पाच.

प्रश्न दोनच. १,६०० पूर्ण केल्याचा पुरावा कसा ठेवायचा? देणारे काही दुबईत, काही लिस्बनला आहेत, त्यांना नुसतं सांगून चालणार नाही. आणि गोव्यातल्या साखळीहून निघून साखळीला परत येणारा मार्ग कोणता? 'कशाला जीव धोक्यात घालता' हे घरी ऐकून झालंय, इथे नको. जरा लवकर सांगा, पत्रक छापायला द्यायचंय.

निळी_हिमालयन
गाडी एक की दोन? कुठली? टायर ट्यूबचे की ट्यूबलेस? याआधी एका दमात मोठ्यात मोठा पल्ला कितीचा मारलाय? हे कळल्याशिवाय मार्ग काय सांगणार.

पुराव्याचं मात्र आत्ताच सांगतो. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन नेमकं हेच प्रमाणित करते. त्यांचा 'सॅडलसोर १०००' म्हणजे २४ तासांत १,००० मैल, आपले १,६०९ किलोमीटर. पत्रकावर १,६०० छापलंत तर नऊ किलोमीटर कमी पडतील, आकडा आधी नीट करा. पद्धत अशी: निघताना पेट्रोल भरायचं, त्या पावतीवरच्या वेळेपासून घड्याळ सुरू. शेवटच्या पंपावरच्या पावतीला घड्याळ बंद. मध्ये जिथून मागे फिरता किंवा रस्ता बदलता तिथली पावती हवीच, नाहीतर तुम्ही तिथवर गेला होता हे कशावरून? प्रत्येक पावतीबरोबर ओडोमीटरचा फोटो. पण अंतर ओडोमीटरवरून धरत नाहीत, तो बऱ्याच गाड्यांत थोडा जास्तच दाखवतो. दोन पावत्यांमधलं नकाशावरचं जवळात जवळचं अंतर धरतात. म्हणून हाताशी तीस-चाळीस किलोमीटर जादाचे ठेवा. पंपाच्या कागदावरची शाई उडते, जागच्या जागी फोटो काढा. यंत्राने वेळ चुकीची छापली असेल तर ती पावती धरू नका, पुढच्या पंपावर थोडं भरून दुसरी घ्या.

साखळीकर
आभार, हेच हवं होतं. गाड्या दोन, अर्थात. माझी हिमालयन ४५०, त्याची क्लासिक ३५०. आता मार्ग?

कोलवाळकर
मार्ग एकच, राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेल ते कन्याकुमारी, लांबी सुमारे १,६०० किलोमीटर, तुमच्या आकड्याला तंतोतंत. पात्रादेवीला गोव्यात शिरतो, पोळेला बाहेर पडतो. वाटेत आपली माणसं भेटतील, झुआरी पुलावर थांबून फोटो काढता येतील, लोक हार घालतील. धर्मकार्य आहे तर आपल्या मातीतून जाऊ दे की.

टिळकवाडी
कोलवाळकर भाई, तुमची माया कळते, पण या कामाला ६६ नको. कोकणात वळणं आणि अर्धवट कामं. केरळात तर रस्त्याला लागून घरं आणि दुकानं, गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत नाही, त्यात रुंदीकरणामुळे जागोजागी वळवलेला रस्ता. १,६०९ भागिले २४ म्हणजे ताशी ६७, तेही चहा, पेट्रोल, लघवी सगळं धरून. हार घालून घ्यायला थांबलात तर संपलंच. शिवाय त्याला साखळीहून साखळी हवंय.

मी बेळगावचा, ४८ नंबरचा महामार्ग रोजच्या पायाखालचा. आदल्या दिवशी दुपारी चोर्ला घाटातून वर या, बेळगावात झोपा, पहाटे इथल्या पंपावरून घड्याळ सुरू करा. दक्षिणेला हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत नेलमंगलापर्यंत, बंगळूर शहरात शिरायचं नाही. तिथून परत बेळगाव, मग पुण्यापर्यंत जाऊन पुन्हा बेळगाव. घाट उतरायचा तो दुसऱ्या दिवशी, झोप काढून, उजेडात. चोर्लात रात्री गवे रस्त्यावर उभे असतात आणि काळ्या अंगामुळे अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

साखळीकर
साखळीहून सुरुवात व्हायलाच हवी. ट्रस्टचे लोक, रुग्णांच्या घरचे, सगळे निरोप द्यायला येणार आहेत.

टिळकवाडी
निरोप साखळीला घ्या, घड्याळ बेळगावला लावा. दोन्ही होतं.

आणि जानेवारी म्हणजे उसाचा गळीत हंगाम. कोल्हापूर, कराड, सातारा या पट्ट्यात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. रात्री मागून गेलात तर थेट त्यातच. त्यात सातारा ते कागल सहा पदरीकरणाच्या कामामुळे वळवलेला रस्ता. माझ्या मांडणीत हा भाग नेमका रात्री येतो. म्हणून उलटं करा, पुण्याकडचं आधी उजेडात उरका आणि दक्षिणेकडचं रात्री. हुबळी-धारवाड बायपासला मात्र जपून, तिथे समोरासमोरच्या धडकांचा फार वाईट इतिहास आहे.

फोंड्याची
मी परिचारिका आहे, रात्रपाळ्या करते. मार्गाचं बोलताय, झोपेचं कोणीच बोलत नाही. १९९७ साली 'नेचर'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं चालतं. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे थेंबही न घेता तुम्ही शेवटचे कित्येक तास प्यालेल्या माणसासारखे चालवणार. पहाटे दोन ते पाच सर्वांत वाईट, डोळे उघडे असतात आणि मेंदू दोन-तीन सेकंद बंद पडतो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, करा हिशेब.

तुम्ही दोघं आदल्या रात्री किती झोपणार आहात?

साखळीकर
मी आठ तास. मित्र वेर्ण्याला रात्रपाळीला असतो, तो शनिवारी सकाळी सुटला की थेट निघू. त्याला जागरणाची सवय आहे, तो काही प्रश्न नाही.

फोंड्याची
दादा, हाच प्रश्न आहे! तो निघतानाच बारा-चौदा तास जागा असेल. रात्रपाळीची सवय म्हणजे दिवसा झोपायची सवय, न झोपण्याची नव्हे. त्याला निदान दोन दिवस आधी रजा घ्यायला लावा, नाहीतर हे करू नका. माझ्यासमोर अशी मुलं आलेली आहेत, त्यांच्या आयांना काय सांगायचं ते मला विचारा.

निळी_हिमालयन
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं. ताईंच्या मताशी पूर्ण सहमत. आणि क्लासिकला स्पोकची चाकं असतील तर टायर ट्यूबचे. पंक्चर झालं की चाक काढावं लागतं, मध्यरात्री चित्रदुर्गला तासभर तिथेच जाईल.

पिवळी_गाडी
माझे वडील पणजीला पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले होते, पिवळ्या-काळ्या गाडीवर गिऱ्हाईक घेऊन जन्म काढला. लोक म्हणतात मोटारसायकलवरची टॅक्सी बँकॉकची, पण आपल्याकडे ती केव्हापासून आहे! वडील सांगायचे, पाठ दुखत नाही, आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. हँडलवर तळव्याचा भार पडून नस दबते. मऊ तळव्याचे ग्लोव्हज घ्या आणि हँडल घट्ट आवळू नका. सीटवर मेंढीचं कातडं टाका, जेलची सीट उन्हात तापते.

निळी_हिमालयन
जेलबद्दल सहमत नाही, चांगल्या दर्जाची असेल तर तापत नाही.

पिवळी_गाडी
तासाभराच्या प्रवासात कळत नाही. दुपारभर बसून पाहा.

हिशेबवही
सीटचं नंतर बघा. पैसे कोणाच्या खात्यात येणार आहेत?

साखळीकर
माझ्या यूपीआयवर. क्यूआर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सगळे जमले की ट्रस्टला एकरकमी देणार.

हिशेबवही
आजच बंद करा. मडगावात हिशेबाची कामं करतो, म्हणून कळकळीने सांगतो. तुमच्या खात्यात आलेला पैसा तुमचा दिसतो, उद्या आयकरवाल्यांनी विचारलं तर एकेका रकमेचा खुलासा करत बसाल. देणाऱ्याला करात सूट हवी तर पैसा थेट ट्रस्टच्या खात्यात जायला हवा आणि ट्रस्टकडे ८०जी, म्हणजे देणगीवर करसूट मिळवून देणारी नोंदणी हवी. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सूट नाही, आणि नव्या करप्रणालीत तर नाहीच.

त्याहून महत्त्वाचं, लिस्बनवाले. त्यांचे पासपोर्ट कुठले? दुबईतला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय ते कायद्याने परदेशी, मग जन्म डिचोलीचा का असेना. त्यांचा पैसा घ्यायला ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. छोट्या ट्रस्टकडे हे बहुधा नसतं. नसेल तर लिस्बनवाल्यांना सांगा, गावातल्या भावा-बहिणीला स्वतःच्या मनाने, स्वतःच्या पैशातून द्यायला सुचवा. तिकडून पैसे पाठवून भावाच्या नावाने फिरवायचे नाहीत, तीही पळवाटच.

कोलवाळकर
इतकी कागदपत्रं! पूर्वी गावात कोणाला गरज लागली तर झोळी फिरायची आणि काम व्हायचं.

हिशेबवही
भाई, झोळी गावातल्या माणसांपुरती होती. इथे पैसा समुद्रापलीकडून येतोय. ट्रस्ट अडचणीत आला तर रुग्णांचं भाडंच बंद पडेल, ते कोणाला चालेल?

शिवोलीची_ताई
मला हे २४ तासांचं मुळात पटत नाही. रुग्ण गोव्यातले, पैसा गोव्याचा, मग कर्नाटकातल्या महामार्गावर अंधारात का पळायचं? बाराही तालुक्यांतून फिरा, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. प्रत्येक ठिकाणी तासभर थांबा, डायलिसिसचे रुग्ण कसे राहतात ते लोकांना सांगा. देवळासमोर, चर्चसमोर, बाजारात. मी सांगते, किलोमीटरमागच्या पैशांपेक्षा जास्त जमेल, आणि गावातल्या माणसाला कळेल की शेजारच्या घरात कोणाला गाडीभाड्याची गरज आहे.

साखळीकर
ताई, आदराने सांगतो, तो वेगळा कार्यक्रम झाला. लोकांनी अंतराला पैसे कबूल केलेत. अंतर कमी केलं तर त्यांना काय तोंड दाखवू?

टिळकवाडी
मग आकडा बदला आणि त्यांना आत्ताच कळवा. बेळगाव ते नेलमंगला पावणेपाचशेच्या आसपास, जाऊन येऊन साडेनऊशे. उरलेल्यासाठी संकेश्वरपर्यंत जाऊन परत, की १,००० वर झाले. १,००० ला २४ तासांत ताशी ४२ सुद्धा पडत नाही. मध्ये चार तास झोपता येतं, आणि चार पदरी रस्त्यावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे ती पाळून जमतं. १,६०९ ला ८० ची मर्यादा पाळलीत तर २० तास फक्त चालवण्यात जातात, तेही गाडी कुठेही कमी न करता. म्हणजे नियम मोडल्याशिवाय होत नाही, हे सरळ बोलू.

निळी_हिमालयन
होत नाही असं नाही, लोकांनी केलंय. पण नियम पाळून केलंय असं मीही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आणखी एक, विम्याची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' वाचा. शर्यत, वेगाची चाचणी, गाडीचा कस पाहणारी चाचणी यांना संरक्षण नाही असं तिथे लिहिलेलं असतं. पत्रकावर '२४ तासांत विक्रम' छापलंत आणि काही झालं, तर विमा कंपनी तेच पत्रक पुढे करील.

मापशाचो
निघताना आमदाराला झेंडा दाखवायला बोलवा. टी-शर्ट छापणारा आमच्याकडे आहे, शंभरच्या वर घेतले तर स्वस्तात देतो.

साखळीकर
टी-शर्ट नको, तेवढ्या पैशात कोणाच्या तरी फेऱ्या होतील.

मित्राशी बोललो. तो गुरुवार-शुक्रवार रजा टाकतोय, शुक्रवारी बेळगावात मुक्काम. क्यूआर काढून टाकला, आलेले पैसे ज्याचे त्याला परत करतोय, ट्रस्टच्या ८०जी आणि एफसीआरएचं उद्या विचारतो. आकड्याचं मोठ्या देणगीदारांना विचारलं. दुबईवाला म्हणाला, १,००० करा, मी किलोमीटरमागे रुपया वाढवतो. बाकीच्यांचं कळायचंय, तोपर्यंत पत्रक थांबवलंय.

त्याच्या क्लासिकला ट्यूबच आहे. वाटेत चाक काढायची वेळ आली तर कुठली हत्यारं जवळ ठेवायची?

निळी_हिमालयन
पुढच्या आणि मागच्या आक्सलच्या नटाला बसणारे पाने, दोन टायर लिव्हर, पुढची-मागची एकेक नवी ट्यूब आणि हवेचा पंप. पण नुसतं घेऊन जाऊ नका. येत्या रविवारी अंगणात दोघांनी मिळून मागचं चाक काढा, ट्यूब बदला, परत बसवा. चेन किती सैल राहते ते तेव्हाच कळेल. मी डिचोलीला असतो, बोलावलंत तर येतो.

फोंड्याची
आणि नेलमंगलाला झोपायची जागा आधी ठरवून ठेवा. पंपाच्या बाकावर नाही, खोलीत. बिछाना आणि पंखा.