बियाणं दळून भाकरी? अमेरिकेतली सरकार-छाटणी आणि चीनशी शर्यत

रानवारा (धागाकर्ता)

20 जानेवारी 2025 या एकाच दिवशी तीन गोष्टी घडल्या. ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली. सरकारी खर्चाला कात्री लावण्यासाठी ‘डोज’ स्थापन करणारा आदेश निघाला. आणि तिकडे चीनमध्ये हांगझौच्या डीपसीक कंपनीने आपलं आर-वन हे एआय मॉडेल जगाला फुकट वाटून टाकलं. आठवडाभरात एआय चिपा बनवणाऱ्या अमेरिकेच्या एनव्हिडियाने एका दिवसात सुमारे 60,000 कोटी डॉलरचं बाजारमूल्य गमावलं. पुढे 20 फेब्रुवारीला अर्जेंटिनाचे अध्यक्ष मिले यांनी ‘डोज’चा चेहरा असलेल्या, स्पेसएक्सवाल्या मस्क यांना व्यासपीठावर कपातीची खूण म्हणून यांत्रिक करवत भेट दिली आणि मस्क यांनी ती डोक्यावर नाचवली.

आधीच सांगतो, मी कपातीच्या विरोधात नाही. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली. एका सहीसाठी फाइल सात टेबलं फिरते हे मी पाहिलंय, आणि त्यातलं एक टेबल माझंच होतं. अमेरिकेत 2024 च्या आर्थिक वर्षात कर्जावरचं व्याज संरक्षणखर्चाच्या पुढे गेलं. अशा घरात कोणीही हात आखडता घेईल.

पण चीनशी तंत्रज्ञानाची शर्यत चालू असताना करवत कुठे चालली ते बघा. त्या वर्षी फेडरल सरकारचा खर्च होता सुमारे 6.75 लाख कोटी डॉलर. पेन्शन, म्हाताऱ्यांचं आणि गरिबांचं औषधपाणी, संरक्षण, व्याज, बहुतेक पैसा यातच जातो. विद्यापीठांतल्या मूलभूत संशोधनाला पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा वाटा सुमारे 900 कोटी. हजार रुपयांच्या किराण्यात सव्वा रुपया म्हणा. 2026 साठी व्हाइट हाउसने त्याचे 390 कोटी करायला सांगितले. नासाच्या विज्ञानशाखेलाही जवळपास निम्म्यावर आणायचा प्रस्ताव होता. काँग्रेसमध्ये (तिथल्या संसदेत) दोन्ही पक्षांतून विरोध झाला, पण मालकाच्या मनात काय आहे ते कळलं.

1957 मध्ये स्पुटनिक उडालं तेव्हा अध्यक्ष होते आयसेनहॉवर. रिपब्लिकन, आणि ताळेबंदाच्या बाबतीत कमालीचे काटेकोर. तरी 1958 या एका वर्षात त्यांनी अर्पा ही संरक्षण खात्याची संशोधनसंस्था काढली, नासा काढली आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षणासाठी पैसा देणारा कायदा केला. त्याच अर्पाच्या पैशातून 1969 मध्ये इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट आलं. दुष्काळात माणूस गुरं विकतो, दागिना गहाण टाकतो, पण पेरणीचं बियाणं दळत नाही. इथे दागिने कपाटात आहेत आणि जातं बियाण्यावर फिरतंय. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस तात्या (न्यू जर्सी)

रानवारासाहेब, सातव्या टेबलाचा कबुलीजबाब आवडला. आता इथे 22 वर्षं कर भरणाऱ्याचं ऐका.

अमेरिकेतल्या निवृत्त सरकारी नोकरांचे कागद कुठे असतात माहीत आहे? पेनसिल्वेनियात बॉयर्स गावाजवळ, एका जुन्या चुनखडीच्या खाणीत. जमिनीखाली 200 फुटांहून खोल. पाकिटं, खोकी, आणि हाताने हिशेब जुळवणारी माणसं. हे संगणकीय करायचे प्रयत्न किती वर्षं आणि किती कोटींचे झाले ते विचारू नका. दुसरं, 2021 च्या कायद्याने खेडोपाडी ब्रॉडबँड न्यायला 4,200 कोटींहून जास्त डॉलर दिले. 2024 संपलं तरी त्या पैशातून जवळपास कोणाच्याच घरी तार पोचली नव्हती. नकाशे, अर्ज, आराखडे, पुन्हा अर्ज.

आणि रॉकेट. नासाच्या स्वतःच्या महानिरीक्षकांनी 2022 मध्ये सांगितलं की एसएलएस रॉकेट आणि ओरायन यान मिळून सुरुवातीच्या प्रत्येक उड्डाणाला 410 कोटी डॉलर पडणार. उलट स्पेसएक्सचं फाल्कन-9 रॉकेट नासाच्या जुन्या पद्धतीने बनवलं असतं तर सुमारे 400 कोटी लागले असते, असा हिशेब नासानेच मांडला होता. स्पेसएक्सने ते त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास केलं. मग चीनशी शर्यत कोण जिंकून देतंय? खातं की कंपनी?

चीनची धास्ती घेताना वुहानची एचएसएमसी आठवा. चिप बनवायचा कारखाना, स्थानिक सरकारचा भरपूर पैसा, आणि 2021 मध्ये एकही चिप विकल्याशिवाय गाशा गुंडाळला. सरकारने पैसा ओतला की तंत्रज्ञान उगवतं असं असतं तर सोव्हिएत संघ आज आपल्याला आयफोन विकत असता.

चहाटळ

खाणीत फाइली! आमच्या तहसीलदारांच्या कानावर घालू नका, उद्याच एक खाण मागतील.

सुगरण (मिशिगन)

तात्या, तुमचं रॉकेटचं उदाहरण मान्य, पण अर्धंच सांगितलंत. 2006 मध्ये नासानेच मालवाहू रॉकेटांसाठी खासगी कंपन्यांना पैसे द्यायची योजना काढली. 2008 च्या डिसेंबरमध्ये स्पेसएक्सला 160 कोटी डॉलरचं कंत्राट मिळालं, तेव्हा कंपनीची पहिली तीन उड्डाणं कोसळलेली होती आणि तिजोरीत खडखडाट होता. गिऱ्हाईक सरकारच होतं. करवत हातात घेतलेल्या माणसाला हे कोणापेक्षाही जास्त माहीत असणार.

मी पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करते. आमच्यासाठी ही चर्चा लाख कोटींची नाही, पंधरा टक्क्यांची आहे. 7 फेब्रुवारी 2025 ला वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेने जाहीर केलं की अनुदानावरचा ‘ओव्हरहेड’, म्हणजे विद्यापीठाला मिळणारा वरखर्च, सरसकट 15 टक्के. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांचा दर 50 च्या वर असतो. प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे अडलं. पण ओव्हरहेड म्हणजे डीनसाहेबांची गाडी नव्हे हो. उणे 80 अंशांचा फ्रीझर, त्याची वीज, किरणोत्सारी कचरा उचलणारा माणूस, यातलं बरंचसं माझ्या अनुदानाच्या अर्जात वेगळं लिहिता येत नाही. ते त्यातून जातं.

आणि गोंधळ. अनुदान येणार, थांबलं, येणार, बघू. आमच्या लॅबमधली दोन मुलं गेल्या वर्षी निघाली. एक कंपनीत गेला, एक शांघायला परत. दुसऱ्याला तिथे स्वतःची लॅब मिळाली.

अमेरिकेने हे आधीही केलंय. छ्यान श्वेसन हे कॅलटेक विद्यापीठातले रॉकेटतज्ज्ञ, जेपीएल या तिथल्या रॉकेट-प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी. 1950 मध्ये कम्युनिस्ट असल्याचा संशय, पाच वर्षं पहारा, 1955 मध्ये चीनला रवानगी. चीनच्या क्षेपणास्त्रांचा पाया त्यांनी घातला. सप्टेंबर 2025 मध्ये नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. आपल्या पुण्या-नाशिकच्या किती पोरांचे बेत त्याने फिरले, ते प्रत्येकाने आपापल्या नात्यात मोजावं.

तिरकस तात्या

सुगरणताई, फ्रीझरबद्दल भांडण नाही. पण खासगी प्रतिष्ठानं त्याच विद्यापीठांना 10-15 टक्केच ओव्हरहेड देतात आणि विद्यापीठं हसत घेतात. मग सरकारकडूनच 55 का? कारण सरकार कधी घासाघीस करत नाही. मंडईत एका गिऱ्हाइकाला दहा आणि दुसऱ्याला पंचावन्न सांगणाऱ्या भाजीवाल्याला आपण काय म्हणतो?

सुगरण

भाजीवाला दहाला देतो कारण पंचावन्नवाला गाळ्याचं भाडं भरतोय. तो गेला की गाळाच बंद. शिवाय प्रतिष्ठानं बरेचदा जे खर्च थेट अनुदानात लिहू देतात, ते एनआयएच ओव्हरहेडमध्ये ढकलते. दोन टक्केवाऱ्या एकाच तराजूत बसत नाहीत. दर कमी करा म्हणा, मी तुमच्या बाजूने सही करते. पण शुक्रवारी जाहीर आणि सोमवारपासून लागू?

निर्गुण

दोन्ही बाजूंची करमणूक चालू आहे. सरकार लहान होतंय हे तुम्हाला सांगितलं कोणी?

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलचा सुमारे 10 टक्के हिस्सा घेतला, 890 कोटी डॉलरला. त्यातला मोठा पैसा बायडन यांच्या 2022 च्या चिप्स कायद्यातल्या अनुदानाचाच. त्याआधी जुलैमध्ये संरक्षण खात्याने एमपी मटेरिअल्स या दुर्मिळ खनिजांच्या कंपनीत भागीदारी घेतली. चीनला एच-20 या एआय चिप विकायच्या तर विक्रीचे 15 टक्के सरकारला द्या, असा सौदा एनव्हिडियाशी झाला. केंटकीचे सिनेटर रँड पॉल, पक्के रिपब्लिकन, त्यांनीच इंटेल प्रकरणाला समाजवादाकडे टाकलेलं पाऊल म्हटलं. कारकून कमी केले आणि सरकार सावकार झालं. मी छोट्या सरकारचा माणूस आहे, मला यात माझं काही दिसत नाही.

रानवारा, तुमचं स्पुटनिकही आता जुनं झालं. 1964 मध्ये अमेरिकेच्या संशोधनखर्चात सरकारचा वाटा दोन-तृतीयांश होता. आता पाचव्या हिश्शाच्या आसपास. बाकी कंपन्या करतात. बियाणं कधीच खासगी कोठारात गेलंय.

रानवारा

निर्गुण, तो पाचवा हिस्सा कुठे जातो ते महत्त्वाचं. कंपन्यांचा बहुतेक पैसा ‘वस्तू बाजारात आणा’ या टप्प्यावर जातो. ज्यातून काय निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, त्या मूलभूत संशोधनाचा सर्वांत मोठा आधार अजून फेडरल सरकारच आहे. कंपनीचा भागधारक तिमाहीचा निकाल बघतो, त्याला वीस वर्षांनी येणाऱ्या पिकात रस नसतो. त्याची चूक नाही.

इंटेलबद्दल मात्र पूर्ण सहमत.

तात्या, कपात कशी करावी याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. 1993 मध्ये क्लिंटन-गोर यांनी सुरू केली. काँग्रेसमधून कायदा करून, स्वेच्छानिवृत्तीला पैसे देऊन, खातंनिहाय. काही वर्षांत साडेतीन लाखांहून जास्त जागा कमी झाल्या आणि 1998 मध्ये बजेट शिलकीत आलं. (शिलकीचं श्रेय जास्त तेजीला, हेही मान्य.) यावेळी काय झालं? फेब्रुवारी 2025 मध्ये अण्वस्त्रांची देखभाल करणाऱ्या खात्यातले शेकडो लोक काढले आणि लगेच ‘परत या’ म्हणून शोधत फिरले. सरकारी वेबसाइट सुधारणारं 18-एफ हे तंत्रज्ञांचं पथक बंद केलं. तुमची खाण संगणकावर आणायला असलीच माणसं लागली असती. मस्क यांनी आधी दोन लाख कोटी डॉलर वाचवण्याची भाषा केली होती. माणसं दोन लाखांहून जास्त कमी झाली, आणि 2025 च्या आर्थिक वर्षाचा एकूण खर्च मात्र आदल्या वर्षापेक्षा वाढला.

रेगन यांचंही ऐका. 1981 च्या शपथविधीत ‘सरकार हीच अडचण’ म्हणणारा माणूस. जपानी मेमरी चिपांनी अमेरिकी कंपन्यांना घाम फोडला, तेव्हा त्यांच्याच काळात, 1987 मध्ये, सेमाटेक हा चिप कंपन्यांचा संशोधनसंघ उभा राहिला. 14 कंपन्या आणि वर्षाला 10 कोटी सरकारी डॉलर.

पाटीपेन्सिल (पुणे)

यात आपला एक धागा आहे म्हणून लिहितो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे महासंगणक नाकारला, 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधनसंस्था निघाली आणि 1991 मध्ये विजय भटकरांच्या चमूने परम 8000 उभा केला. तो कोणत्या कंपनीने केला असता?

निर्गुण

कोणत्याच नाही. आणि परममधून संगणक बनवणारा उद्योगही उभा राहिला नाही. पुण्याला हिंजवडी दिली ती सॉफ्टवेअर कंपन्यांनी. 1991 पूर्वी एक संगणक आयात करायला दिल्लीच्या किती वाऱ्या कराव्या लागत आणि फोनसाठी किती वर्षं रांग असे, ते त्या पिढीला विचारा. सरकारने हात काढला तेव्हा श्वास आला.

पाटीपेन्सिल

हात काढला त्याच वर्षी सॉफ्टवेअर पार्क उभारणारी एसटीपीआय ही संस्था काढली आणि त्या कंपन्यांना उपग्रहाची जोडणी दिली. तीही सरकारीच. एक हात काढला, दुसरा दिला. तुम्हाला फक्त पहिला आठवतो.

तिरकस तात्या

ठीक. रानवारासाहेब, अण्वस्त्रवाल्यांचा प्रकार लाजिरवाणा होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तुमच्या क्लिंटन पद्धतीत एक गोची आहे. नीट, खातंनिहाय, सगळ्यांना विचारून कापायला बसलं की प्रत्येक खात्याला एक वाली असतो आणि शेवटी काहीच कापलं जात नाही. एसएलएस बघा. सगळ्यांना माहीत आहे की महाग आहे. 2010 च्या आसपासपासून चर्चा चालू आहे.

रानवारा

एसएलएसचा वाली कोण होता हो? अलाबामाचे रिचर्ड शेल्बी, 2018 ते 2021 सिनेटच्या खर्चसमितीचे रिपब्लिकन अध्यक्ष. 2026 च्या प्रस्तावात व्हाइट हाउसने तिसऱ्या आर्टेमिस चंद्रमोहिमेनंतर एसएलएस बंद करू असं म्हटलं, आणि 2025 च्या उन्हाळ्यात रिपब्लिकन काँग्रेसनेच त्याला पुन्हा पैसे दिले. करवत तिथपर्यंत पोचलीच नाही. पोस्टडॉकला वाली नाही, म्हणून तो आधी.

तिरकस तात्या

अलाबामाचं मला विचारू नका, मी न्यू जर्सीचा. पण मुद्दा लागला. सुगरणताई, तुमचं मत?

सुगरण

तात्या, उद्या लिहिते. आमच्या मजल्यावरच्या फ्रीझरचा अलार्म वाजतोय. रात्री येणारा तंत्रज्ञ ओव्हरहेडच्या खात्यातला होता, त्याची जागा डिसेंबरपासून रिकामी आहे. मी आणि एक विद्यार्थी खोक्यांत कोरडा बर्फ भरतोय.