तेइकोचं ते १११–११ माफ करण्यासारखं आहे का?

धागाकर्ती: 'कुरोकोज बास्केटबॉल' या जपानी अ‍ॅनिमेचे ७५ भाग दुसऱ्यांदा पाहून संपवले. (पुढे कथा उघड होते.) या वेळी तेइको या कुरोकोच्या जुन्या शाळेचा भाग पचलाच नाही. अंतिम सामन्यात समोर कुरोकोचा जुना मित्र ओगिवारा. जखमी कुरोको बाहेर. जाताना त्याने एवढंच मागितलं होतं की मनापासून खेळा. तर त्याच्या संघातल्या या पाचजणांनी फळ्यावर नुसते एकच दिसावेत म्हणून १११–११ असा स्कोअर ठरवून लावला! ओगिवाराने खेळच सोडला. आणि हीच मुलं पुढे पाच वेगळ्या शाळांत जाऊन आपली लाडकी होतात. माझा जीव अजून ओगिवारापाशीच अडकलाय.

प्रतिसाद १: नाही पटलं. माफ कुणी केलंय? कुरोको पुढे सेइरिन या शाळेत गेला तोच यांना हरवायला. त्या पाचांतल्या आओमिनेच्या संघाकडून आधी ११२–५५ असा मार खाल्ला, मग विंटर कप स्पर्धेत १०१–१०० ने जिंकला. तो एक गुण बघा. त्याच आओमिनेने कधीतरी भर पावसात सांगितलं होतं की तुझा पास कसा घ्यायचा तेच मी विसरलो. सामना संपल्यावर तो कुरोकोच्या मुठीला मूठ भिडवतो, तेव्हा मी रडलो होतो. पुढे कुरोकोला शूट करायला शिकवतो तोही तोच. शब्दांत मागितलेल्या माफीपेक्षा मला हे मोठं वाटतं.

धागाकर्ती: आओमिनेचं मान्य, त्याचं दुखणं खरं आहे. पण त्यांचा कर्णधार आकाशी? संघातल्याच मुरासाकिबाराशी एकास एक खेळताना ०–४ ने मागे पडला आणि त्याच्यातला दुसराच कुणी जागा झाला. म्हणजे दोष त्या 'दुसऱ्या'चा आणि हा मोकळा. ही पळवाट आहे.

प्रतिसाद २: आकाशीबद्दल +१. पण ओगिवाराला विसरलेत असं म्हणू नका. आकाशीच्या राकुझान शाळेविरुद्धच्या विंटर कपच्या अंतिम सामन्यात कुरोको खचलेला असताना प्रेक्षकांतून ओरडणारा तोच, आणि हातात बास्केटबॉल! पोरगा परत खेळतोय, हे कुरोकोला तिथे कळतं.

धागाकर्ती: तो प्रसंग मलाही हलवून जातो. पण तो परत आला तो स्वतःच्या हिमतीवर. त्या पाचांपैकी एकजण तरी त्याच्यासमोर जाऊन उभा राहायला हवा होता.

प्रतिसाद १: हे मात्र खरं. मुरासाकिबारा तरी जायला हवा होता. सेइरिनकडून हरल्यावर कसा रडला होता!