'लवकर लेव्हल होणारा क्लास' याला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ता:
रोल-प्लेइंग गेम खेळणारे आपण सगळेच हे वाक्य बोलतो, 'हा क्लास लवकर लेव्हल होतो', म्हणजे त्या प्रकारचं पात्र पटकन वरची लेव्हल गाठतं, आणि पुष्कळदा त्यावरच कुठला क्लास घ्यायचा ते ठरतं. परवा धाकट्या भावाला समजावून सांगत होतो आणि तिथेच अडलो, कारण मी दोन उदाहरणं दिली, बाल्डर्स गेटमधला थीफ (चोर) आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला हंटर (शिकारी), आणि बोलता बोलता लक्षात आलं की दोघांचं 'लवकर' वेगळं आहे.

थीफचं काय आहे, तर त्याच्या पायऱ्याच बुटक्या. बाल्डर्स गेट १९९८ चा, त्यात डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम, तिथे प्रत्येक क्लासचा तक्ता वेगळा. दुसऱ्या लेव्हलला थीफला १,२५० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, क्लेरिकला (पुरोहिताला) १,५००, फायटरला (लढवय्याला) २,००० आणि मेजला (जादूगाराला) २,५००. म्हणजे सगळ्यांची कमाई सारखी असली तरी थीफ पुढे.

हंटरचं उलट. वॉरक्राफ्टमध्ये तक्ता सगळ्यांना एकच, गेमच्या मूळ आवृत्तीत पहिल्यावरून दुसऱ्या लेव्हलला जायला कुणालाही ४०० च लागायचे. पण तेव्हा दहाव्या लेव्हलला हंटरला पाळीव प्राणी मिळायचा, मार तो खायचा, हंटर लांबून बाण मारायचा, मध्ये बसून जखमा भरत राहायला लागायचं नाही. वॉरियरला (योद्ध्याला) स्वतःला बरं करायची जादू नव्हती, हत्यार जुनं झालं की मारही कमी पडायचा, प्रत्येक झटापटीनंतर खात बसा नाहीतर पट्ट्या बांधत बसा. पायरी तीच, चढणाऱ्याचा दम वेगळा.

मग या दोन्हीला एकच 'लेव्हल होणं' कसं चालेल? क्लास निवडताना घोटाळा इथेच होतो असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद:
आधी 'लेव्हल' हाच शब्द बघा ना. आम्ही लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर 'लेव्हल पार केली' म्हणायचो, तो टप्पा. गवंड्याकडे लेव्हल काढणं म्हणजे पाणसळ लावून सपाट करणं, एकदम विरुद्ध अर्थ, तिथे कुणी वर चढत नाही उलट सगळं एका रेषेत येतं. तुमच्या धाग्यातली लेव्हल तिसरीच, ती पात्राची. या तिसरीला 'पातळी' म्हणतात पण 'माझा थीफ आठव्या पातळीवर आहे' हे कानाला कसंतरीच लागतं, 'आठवी लेव्हल' बरं वाटतं.

आणि 'क्लास'ला 'वर्ग' म्हणू नका प्लीज. आमच्याकडे नागपुरात 'कितव्या वर्गात आहेस' म्हणजे कितवीत, म्हणजे वर्ग हीच लेव्हल झाली! 'पेशा' चालेल. चोर, लढवय्या, पुरोहित, जादूगार हे पेशेच आहेत.

प्रतिसाद:
पेशा आवडला.

मूळ प्रश्नावर. आमचं घर रत्नागिरीकडे, भातशेती. आमच्याकडे भाताच्या जातींना शब्द आहेत, हळवं, निमगरवं, गरवं. हळवं लवकर तयार होतं, गरवं उशिरा, निमगरवं मधलं. आणि कुठे काय लावायचं ते हौसेवर नसतं, जमिनीवर असतं. वरकस उताराच्या जमिनीत पाणी टिकत नाही तिथे हळवं, पाऊस लवकर गेला तरी हाताला लागतं. खाली पाणथळ खाचरात गरवं, ते जास्त दिवस घेतं पण भरतं पण चांगलं. थीफ हळवा, मेज गरवा. अगदी बसतंय.

धागाकर्ता:
दादा हे मस्तच! आणि नुसतं बसत नाहीये, निवडीचं कोडं पण सुटतंय, कारण पाऊस किती दिवस आहे हाच तर प्रश्न असतो. बाल्डर्स गेटमध्ये एक्सपीला कमाल मर्यादा होती, ८९,००० वर थांबायचं. तेवढ्यात थीफ आठव्या लेव्हलला जातो (७०,००० ला). मेजला आठवीसाठी ९०,००० लागतात, म्हणजे फक्त हजार कमी पडतात आणि बिचारा सातवीतच राहतो. मी पहिल्यांदा मेजच घेतला होता, तो हजाराचा फरक अजून सलतो. गंमत म्हणजे बार्ड (थोडी जादू येणारा भाट) थीफच्याच तक्त्यावर चढतो आणि आगगोळ्याचा मार लेव्हलइतक्या फाशांनी ठरतो, त्यामुळे शेवटी बार्डचा आगगोळा आठ फाशांचा आणि अस्सल जादूगाराचा सात फाशांचा. पीक शेतात उभं आणि पाऊस गेला, तसं.

पण २००० साली दुसरा भाग आला त्यात मर्यादा २९,५०,०००. इतका लांब पावसाळा असल्यावर गरवा घेणाऱ्याचंच साधतं, तिथे मेजच्या तोडीला कुणी येत नाही.

प्रतिसाद:
एक दुरुस्ती सुचवते, मेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागेच असतो असं नाही. फायटरचा तक्ता बघा, १६,००० ला पाचवी, ३२,००० ला सहावी, ६४,००० ला सातवी. मेजला पाचवी २०,००० ला, सहावी ४०,००० ला, आणि सातवी ६०,००० लाच. म्हणजे सातवीला मेज फायटरला गाठून पुढे जातो, आणि नववी मेजला १,३५,००० ला तर फायटरला थेट २,५०,००० ला. त्यामुळे गरवा म्हणजे 'शेवटपर्यंत हळू' असं डोक्यात बसायला नको, 'उशिरा भरणारा' हा अर्थ पक्का धरा.

आणि माझा खरा आक्षेप 'हळवा'ला आहे. शहरातल्या माणसाला हळवा म्हणजे पटकन डोळ्यात पाणी येणारा. 'हळवा थीफ' म्हटलं की तो चोरी करून रडतोय असं दिसेल.

प्रतिसाद (रत्नागिरीवाले):
ताई, अर्थ जोडीने कळतो. नुसतं हळवा म्हणाल तर मनाचा, 'हळवा की गरवा' विचारलं की भाताचा. मूळ दोघांचं हलकं आणि जड. शेतीतला शब्द शहरात अर्धा हरवला म्हणून आपण तो टाकून द्यायचा का? मला तर वाटतं असाच परत वापरात येईल.

धागाकर्ता:
मी वापरणार. पण माझा हंटर राहिला. तो हळवा नाही, त्याचा तक्ता सगळ्यांसारखाच. त्याला मी 'कमावता' म्हणतोय, कमावता पेशा. वॉरियर 'कष्टाचा' पेशा. आता भावाला सांगताना दोन वेगळे प्रश्न विचारता येतात, पेशा हळवा आहे का गरवा, आणि कमावता आहे का कष्टाचा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांना एकच तक्ता केला, दुसरी लेव्हल कुणालाही १,००० ला, म्हणजे तिथे पहिला प्रश्न संपलाच, दुसराच उरतो.

प्रतिसाद:
शब्दाने काय फरक पडतो म्हणणाऱ्यांसाठी वॉरक्राफ्टचंच एक सांगतो. गेम यायच्या आधीच्या चाचणीत असं होतं की बराच वेळ खेळलं की पात्र थकायचं आणि एक्सपी निम्मे मिळायचे, लोक जाम चिडले. मग त्यांनी आकड्यांचं गुणोत्तर तेच ठेवलं, फक्त निम्म्याला 'नेहमीचं' म्हटलं आणि आधीच्या पूर्णाला 'विश्रांती घेतलेल्याचं दुप्पट'. लोक खूष. सरायीत पात्र ठेवून झोपायला जायला लागले.

प्रतिसाद (रत्नागिरीवाले):
त्या दुप्पटीला 'विसाव्याचे एक्सपी' म्हणता येईल. आणि दादा, निमगरव्यात क्लेरिक धरायचा का? दुसरी १,५०० ला म्हणजे हळव्याच्याच जवळ दिसतोय.

धागाकर्ता:
सुरुवात हळवी आहे खरी पण ५५,००० ला सातवी झाल्यावर आठवी एकदम १,१०,००० ला. निमगरवाच धरा.