मनोविकारतज्ज्ञ आणि धर्मगुरू: कुक यांचे उदाहरण

मनोविकारतज्ज्ञाने धर्मगुरूही असावे का, या प्रश्नावर एक भीती व्यक्त होते: धर्मगुरू असलेला डॉक्टर रुग्णावर श्रद्धा लादेल. ही भीती रास्त आहे. पण म्हणून वैद्यकी आणि धर्मगुरुपद ही दोन्ही व्रते एकत्र नांदूच शकत नाहीत, हे मला मान्य नाही. इंग्लंडमधील ख्रिस्तोफर कुक हे व्यसनांचा अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ २००१ मध्ये अँग्लिकन या ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू झाले आणि पुढे डरहॅम विद्यापीठात अध्यात्म, धर्मशास्त्र व आरोग्य या विषयाचे प्राध्यापकही झाले. विशेष म्हणजे, मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाच्या श्रद्धेची आस्थेने दखल घ्यावी, परंतु त्याच्यापुढे धर्मप्रसार करू नये, असे सांगणारे रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्स या ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेचे २०११ चे निवेदन कुक यांनीच लिहिले. दोन्ही बाजू आतून जाणणाऱ्या माणसाने ही मर्यादा आखली, याचे मला फार मोल वाटते.