मदत हवी आहे: नेरूळमधील जुन्या सोसायटीत व्हीलचेअरसाठी रॅम्प कसा करून घ्यावा?

नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मणक्याला दुखापत झाल्यापासून तिची कमरेखालची हालचाल थांबली आहे आणि पुढील महिन्यात ती व्हीलचेअरवर घरी येणार आहे. सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आमचे घर तळमजल्यावर असल्याने अडचण नसेल, असे सर्वांना वाटते; प्रत्यक्षात जोते उंच आहे आणि आमच्या दारापर्यंत यायला पाच पायऱ्या चढाव्या लागतात.

कार्यकारिणीची माणसे वाईट नाहीत. "ताईंना आम्ही उचलून नेत जाऊ, रॅम्प कशाला हवा?" असे ते मनापासून म्हणतात. परंतु ताई शिक्षिका आहे, तिला नोकरीवर परत रुजू व्हायचे आहे, आणि रोज पहाटे शेजाऱ्यांना हाका मारून घराबाहेर पडणे हे मला तिच्यासाठी मान्य नाही. तिने स्वतःच्या हातांनी चाके फिरवत फाटकापर्यंत जावे, एवढीच माझी मागणी आहे.

खरी अडचण जागेची आहे. पाच पायऱ्यांची उंची ७५ सेंटिमीटर भरते. उतार १:१२ पेक्षा (म्हणजे १ मीटर उंचीसाठी १२ मीटर लांबी) तीव्र नसावा या नियमाने रॅम्प ९ मीटर लांबीचा होतो, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा लागते. पायऱ्यांपासून फाटकापर्यंत जेमतेम ५ मीटर अंतर आहे. म्हणजे रॅम्प मध्ये वळवून भिंतीलगत न्यावा लागेल, आणि तिथे सध्या सभासदांच्या दुचाकी उभ्या असतात. विरोध मुख्यतः त्यावरूनच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मी वाचला. कलम ४४ नव्या बांधकामाचा परवाना आणि पूर्णत्वाचा दाखला सुगम्यतेच्या निकषांशी जोडते, तर कलम ४५ अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींविषयी आहे. आमची इमारत या दोन्हींत सरळ बसत नाही. तरीही भेदभावास मनाई करणारे कलम ३ आणि अधिनियमातील 'वाजवी सोयी'ची (दिव्यांग व्यक्तीसाठी करायच्या आवश्यक आणि योग्य बदलांची) व्याख्या यांचा आधार घेऊन राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येईल, असे मला वाटते. सोसायटीविरुद्ध अशी तक्रार कोणी केली असल्यास काय निष्पन्न झाले, हे कृपया सविस्तर सांगावे. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे आधी जाणे योग्य ठरेल का?

कार्यकारिणीचे दुसरे म्हणणे असे, की इमारत पुनर्विकासाला जाणारच आहे, तेव्हा लिफ्ट येईल, तोवर थांबावे. ठाण्यात आणि नवी मुंबईत पुनर्विकासाच्या नुसत्या चर्चा किती वर्षे चालतात, हे येथील वाचकांना ठाऊक आहे. तितकी वर्षे ताईने घरात बसून काढायची का? तरीही विकासकाशी होणाऱ्या करारात रॅम्प, पायरी न चढता गाठता येणारी लिफ्ट आणि ९० सेंटिमीटर रुंदीची दारे ही कलमे कोणी लिहून घेतली असतील, तर त्यांची शब्दरचना मला हवी आहे.

न्हाणीघराचे दार ६५ सेंटिमीटरचे आहे आणि खुर्चीही जवळपास तेवढीच रुंद आहे, त्यामुळे चाक फिरवणाऱ्या हाताला चौकटीत जागाच उरत नाही. भिंत अर्ध्या विटेची असल्याने दार रुंद करून सरकते बसवता येईल, असे गवंडी म्हणतो. यासाठी सोसायटीच्या परवानगीबरोबर संरचना अभियंत्याचे पत्र पुरते, की महापालिकेकडेही अर्ज करावा लागतो?

रॅम्पला जागा मिळालीच नाही, तर पायऱ्यांशेजारी बसणारी, खुर्चीसकट वर नेणारी छोटी उद्वाहक यंत्रणा हा पर्याय उरतो. आपल्या भागात उघड्यावर ती बसवलेली असल्यास पावसाळ्यात ती कशी चालते आणि वीज गेल्यावर काय करता, हे अनुभवी व्यक्तींकडून कळावे.

तात्पुरते भाड्याचे घरही शोधत आहोत. "लिफ्ट आहे" असे एजंट सांगतात, पण लिफ्टच्या आधी तीन-चार पायऱ्या असतात. नेरूळ, सीवूड्स किंवा बेलापूरमध्ये रस्त्यापासून घरापर्यंत एकही पायरी नसलेली इमारत आपल्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे. मोजमापांचा कच्चा नकाशा तयार आहे, कोणी मागितल्यास लगेच येथे देते.